मोगरा : जोपासना, सुवास आणि हिशेब

फूलझाड म्हणजे दारची शोभा, शेतीच्या उत्पन्नाशी त्याचा काही संबंध नाही, अशी समजूत आमच्या कास्तकारवर्गात पुष्कळ काळ रूढ होती. हल्ली तिच्या अगदी उलट टोकाची दुसरी एक समजूत पसरू लागली आहे. वैशाखातील एखाद्या लग्नतिथीस मोगऱ्याच्या कळ्यांस जो दर मिळतो तो कानी पडला, की त्यास एकराच्या आकड्याने गुणून मनोराज्य करणारे गृहस्थ आम्हांस वरचेवर भेटतात. पहिल्या समजुतीपायी परसातील झाड उपेक्षेने नुसता पाला होऊन राहते. दुसरीपायी चांगल्या जमिनीचा तुकडा आणि घरातील माणसे अशी दोन्ही जेरीस येतात.

आमची हयात महसुली दप्तरात गेली. सबब कोणत्याही पिकाचा विचार आला, की गट कोणता, क्षेत्र किती, आकार किती, हेच प्रश्न प्रथम आमच्या मनात उभे राहतात. मोगरा हे मात्र असे पीक आहे, की त्याचे माप जमिनीने न करता हातांनी करावे लागते. हे विधान प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. परंतु लेखाच्या ओघात आकड्यांनिशी त्याची प्रतीति वाचकांस येईल, असा आम्हांस भरवसा आहे.

झाडाची ओळख

मोगरा हे झुडूप जाई, जुई, सायली, कुंद यांच्या कुळातील होय. वनस्पतिशास्त्रज्ञ त्यास ‘जस्मिनम सॅम्बॅक’ म्हणतात. संस्कृतात ‘मल्लिका’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. एकेरी पाकळ्यांचा साधा मोगरा, लांबट टोकदार कळीचा मदनबाण, आणि गेंदासारखा भरगच्च, गोल कळीचा बटमोगरा, असे प्रकार आपल्याकडे सामान्यतः आढळतात. गजऱ्याकरिता टपोरी, लांब नळीची व उशिरा उमलणारी कळी पसंत पडते. बटमोगरा देवपूजेस व शोभेस उत्तम; पण तो ओवण्यास जड आणि संख्येने थोडा.

या झाडाचा लौकिक आपल्या देशापुरताच आहे असे नव्हे. फिलिपाईन्सने इ. स. १९३४ मध्ये यास आपले राष्ट्रीय पुष्प ठरविले. चीनमधील फूचौ शहराच्या परिसरात चहाच्या पानांत रात्री मोगऱ्याच्या उमलत्या कळ्या मिसळून चहास सुवास देण्याचा धंदा पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. आपल्याकडे तामिळनाडूतील मदुरेचा मोगरा विशेष नावाजलेला असून, त्यास २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रात पालघर जिल्ह्यातील जव्हार, विक्रमगड या बाजूस लहान लहान तुकड्यांत लावलेला मोगरा दादरच्या फूलबाजारात येतो. तेथील पुष्कळशी लागवड गुंठ्यांच्या हिशेबाने झालेली आहे, ही गोष्ट वाचकांनी आताच ध्यानात ठेवावी.

सुवास कोठून येतो

मोगऱ्याच्या सुवासाविषयी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. हा सुवास कळीत डबीतल्या अत्तराप्रमाणे भरून ठेवलेला नसतो. मुक्या कळीस वास जवळजवळ नसतोच. सायंकाळी पाकळ्या सैल होऊ लागल्या, म्हणजे फुलाच्या अंगी ती द्रव्ये तयार होऊन बाहेर पडू लागतात, आणि रात्री काही तास हा क्रम चालू राहतो. झाडावरून खुडलेली पक्व कळीही हे कार्य पुरे करते. म्हणूनच सकाळी तोडलेली कळी दुपारी विकली जाऊन संध्याकाळी वेणीत उमलते व घमघमते. गजऱ्याचा सगळा व्यापार फुलाच्या या एका गुणावर उभा आहे.

रसायनशास्त्रज्ञांनी या सुवासाचे पृथक्करण केले असता त्यात लिनालूल, बेंझिल अ‍ॅसिटेट, इंडोल अशी द्रव्ये सापडतात. पैकी इंडोल हे एकटे व पुष्कळ असता त्याचा वास ओंगळ येतो. परंतु अत्यल्प प्रमाणात तेच फुलाच्या गोडव्यास भारदस्तपणा आणते. कनोजचे अत्तरवाले तांब्याच्या देगेत फुले शिजवून त्यांची वाफ चंदनाच्या तेलात उतरवितात. तिळांत फुलांचे थरावर थर देऊन ते तीळ घाण्यात गाळण्याची जुनी रीतही प्रसिद्ध आहे.

आपल्या घरी मोगऱ्याचे कौतुक याहून साधे असते. चैत्रातल्या हळदीकुंकवास पन्हे, आंब्याची डाळ व भिजवलेले हरभरे यांच्या जोडीस मोगऱ्याचे फूल हवेच. उन्हाळ्यात माठातील पाण्यात वाळा आणि मोगऱ्याची दोन फुले घालण्याची चालही सर्वश्रुत आहे. मात्र ज्या झाडावर औषधाची फवारणी झाली असेल, त्याचे फूल पिण्याच्या पाण्यात कदापि घालू नये. याकरिता घरच्या उपयोगाचे एखादे झाड निराळे राखून, त्यास औषधाचा स्पर्श होऊ न देणे हेच बरे.

जमीन व लागवड

मोगऱ्यास निचऱ्याची, मध्यम प्रतीची, पोयट्याची जमीन मानवते. पाणी साचणाऱ्या भारी काळ्या जमिनीत मुळ्या कुजतात. चुनखडीच्या जमिनीत पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे दुसरे लक्षण लोहाच्या कमतरतेचे होय. त्यावर लिटरभर पाण्यात ५ ग्राम हिराकस विरघळवून, पाने हिरवी होईपर्यंत महिन्यातून एकदा फवारावे. जागा भरपूर उन्हाची असावी. आंब्याच्या सावलीत अथवा भिंतीच्या उत्तरेस लावलेला मोगरा वाढतो, पण फुलत नाही.

मोगऱ्यास बी सहसा धरत नाही. म्हणून अभिवृद्धि फाट्यांनी अथवा दाब कलमांनी करितात. पावसाळ्याच्या आरंभी जमिनीलगतची एखादी पक्व फांदी वाकवून, डोळ्याखाली किंचित छेद द्यावा. तो भाग मातीत दाबून वर दगड ठेवावा, आणि शेंडा मोकळा सोडावा. तीन-चार महिन्यांत मुळ्या फुटल्या म्हणजे मूळ झाडापासून ते कलम तोडून घ्यावे. रोपवाटिकेतून रोपे आणावयाची असल्यास फुलत्या झाडाची कळी स्वतः पाहून मग निवड करावी.

लागवडीस दीड हात लांब, रुंद व खोल खड्डे उन्हाळ्यात खणून तापू द्यावेत. प्रत्येकात दहा किलो कुजलेले शेणखत व वरची माती मिसळून भरावी, आणि मृगाच्या पावसानंतर रोपे लावावीत. दोन झाडांत व दोन ओळींत पाच-पाच फुटांचे अंतर ठेवल्यास गुंठ्यास ४३ झाडे बसतात. दुसऱ्या वर्षापासून फूल हाती येऊ लागते, आणि निगा चांगली राहिल्यास झाड दहा-बारा वर्षे उत्पन्न देते. रोजगार हमीच्या फळबाग लागवडीबरोबर फूलपिकांत मोगऱ्याचाही समावेश झालेला आहे. ज्यांस त्याचा लाभ घेणे असेल त्यांनी अटी आपल्या कृषि सहायकाकडून समजून घ्याव्यात.

ताण व छाटणी

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. “झाड डेरेदार आहे, पाने काळीभोर आहेत, पण कळी म्हणून धरत नाही,” अशी तक्रार आम्ही कितीतरी घरी ऐकिली आहे. असे झाड पाहावयास गेले असता ते बहुधा न्हाणीच्या सांडपाण्यावर उभे असते. बारमाही पाणी, वर शेणखताची रेलचेल, आणि कात्री कधी लागलेली नाही! ज्यास लाड म्हणावे ते सर्व त्या झाडाचे झालेले असतात, आणि त्यामुळेच ते फुलत नाही.

याचे कारण असे. मोगऱ्याची कळी नव्या फुटीच्या शेंड्यावर येते. शेंड्यावर बहुधा तीन कळ्यांचा झुबका असतो, व त्यांतील मधली कळी प्रथम उमलते. जुन्या, लांबट फांदीवर नवी फूट थोडी. सबब फूलही थोडे. नवी फूट जोमाने व एकदम यावी, याकरिता झाडास आधी विश्रांती देऊन मग ते छाटावे लागते.

कार्तिकाच्या सुमारास पाणी तोडावे. हलक्या जमिनीत पंधरा-वीस दिवस आणि भारी जमिनीत महिनाभर ताण पुरे होतो. पाने निस्तेज होऊन काही गळू लागली, म्हणजे ताण बसला असे समजावे. फांद्या वाळू लागेपर्यंत मात्र थांबू नये. नंतर नोव्हेंबरच्या अखेरीपासून धारदार कात्रीने झाड जमिनीपासून दीड फुटावर छाटावे. मेलेल्या, रोगट व एकमेकींत अडकलेल्या फांद्या मुळापासून काढाव्या, आणि मोठ्या कापांस बोर्डो मलम लावावे. मग आळे खणून, खत घालून पाणी सुरू करावे. फाल्गुनात कळी दिसू लागते, व पुढे ज्येष्ठ-आषाढापर्यंत बहर टप्प्याटप्प्याने चालतो. एक बहर ओसरला म्हणजे फुलून गेलेले शेंडे हलकेच खुडावे. त्याखालून नवी फूट निघून दुसरा बहर लवकर येतो.

शेतात झाडे पुष्कळ असल्यास सर्वांची छाटणी एकाच दिवशी करू नये. तीन भाग पाडून, दर भाग पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने छाटावा. येणेकरून सगळी कळी एकदम न येता वाटून येते. याचे महत्त्व पुढे तोडणीच्या हिशेबात दिसून येईल.

खत, पाणी व उपद्रव

पूर्ण वाढलेल्या झाडास वर्षास ६० ग्राम नत्र, १२० ग्राम स्फुरद व १२० ग्राम पालाश द्यावे, अशी दक्षिणेकडील शिफारस आहे. बाजारच्या भाषेत हे सुमारे १३० ग्राम युरिया, ७५० ग्राम सिंगल सुपर फॉस्फेट व २०० ग्राम म्युरेट ऑफ पोटॅश होते. त्याचे दोन समभाग करून एक छाटणीनंतर आणि दुसरा जून-जुलैत, झाडाच्या बुंध्यापासून वीतभर दूर आळ्यात मिसळून द्यावा. या प्रमाणात नत्र इतरांच्या निम्मे आहे, हे ध्यानी घ्यावे. नत्र वाढविल्यास पाला वाढतो, कळी वाढत नाही. पाणी बहरात नियमित पण माफक द्यावे. ठिबक असल्यास उत्तम.

कळी पोखरणारी अळी हा या पिकाचा मोठा शत्रु होय. ती कळीस भोक पाडून आतील भाग खाते. दुसरा शत्रु एक बारीक माशी. तिच्या उपद्रवाने कळीचा देठाकडील भाग सुजतो, कळी जांभळट होऊन सुकते व गळते. या माशीच्या अळ्या पुढे मातीत जातात. म्हणून झाडाखालची माती वरचेवर हलवून तापू द्यावी, आणि किडक्या कळ्या वेचून जाळाव्यात. पाच टक्के निंबोळी अर्काची फवारणी आरंभीच करावी. कडक उन्हाळ्यात पानांच्या खाली लाल कोळी पडतो. त्याकडेही लक्ष असावे. बहरातील फवारणी तोडणी आटोपल्यावरच करावी, आणि प्रखर औषध कृषि अधिकाऱ्याच्या सल्ल्यावाचून वापरू नये.

हातांचे माप

तामिळनाडूच्या कृषि विद्यापीठाने चांगल्या निगेच्या मोगऱ्याचे उत्पन्न हेक्टरी पावणेनऊ टनांच्या आसपास सांगितले आहे. आपल्याकडील उत्पन्न याहून कमी बसेल असे धरून चालणे शहाणपणाचे; तथापि हिशेबाकरिता तोच आकडा घेऊ. गुंठ्यास ते सुमारे ८८ किलो होते. बहराचे दिवस १२० धरल्यास गुंठ्यास दररोज सरासरी पाऊण किलोच्या आतबाहेर कळी येणार. आता शंभर कळ्यांचे वजन वीस-पंचवीस ग्राम भरते; म्हणजे किलोस चार ते पाच हजार कळ्या झाल्या. यांपैकी प्रत्येक कळी बोटांनी, एकेक पाहून, पांढरी झालेली परंतु न उमललेली अशी निवडून खुडावी लागते. हिरवी खुडली तर ती उमलत नाही. उद्यावर ठेविली तर ती आज रात्री झाडावरच उमलून जाते.

खुडणारी व्यक्ति सेकंदास एक कळी या वेगाने न थांबता काम करील असे मानले, तरी तासास ३६०० कळ्या, म्हणजे किलोही पुरता भरत नाही. पहाटे उजाडल्यापासून ऊन तापेपर्यंत कामाचे तास तीन. तेव्हा एका माणसाची सकाळ म्हणजे अडीच किलो. ऐन बहरात कळी सरासरीच्या दुप्पट येते असे धरल्यास, ज्या घरी खुडणारी माणसे दोन त्या घराने तीन गुंठे, फार तर चार गुंठे मोगरा लावावा. एक एकर लावणाऱ्यास सरासरीच्या दिवशीही २९ किलो, म्हणजे सव्वा लाखावर कळ्या, उन्हे तापण्यापूर्वी खुडून व्हाव्या लागतील. त्यास बारा माणसे पाहिजेत, आणि ऐन बहरात चोवीस!

हे आकडे केवळ कागदावरचे नव्हेत. आमच्या पाहण्यातील एका सधन कास्तकाराने एकदम एकर मोगरा लावला. जमीन उत्तम, पाणी मुबलक, खतास तोटा नाही. तिसऱ्या वर्षी बहरही दृष्ट लागण्याजोगा आला. मजूर मात्र चार-दोन दिवसांपलीकडे टिकेनात. तेव्हा घरच्या बायका पहाटे चारपासून बत्ती घेऊन शेतात जाऊ लागल्या. धारा, पाणी, स्वयंपाक ही कामे काही टळली नाहीत. ती तोडणीनंतर करावी लागली. थोरली मुलगी दहावीस होती. बहराचा आणि परीक्षेचा महिना एकच! तिची सकाळ मोगऱ्यात जाऊ लागली. एवढे करूनही निम्मी कळी झाडावर उमलून वाया जात असे. अखेरीस त्या घरच्या कर्त्या बाईंनीच निक्षून सांगितले, की झाडे कमी करा, नाहीतर आम्हांस यातून मोकळे करा. पुढील छाटणीस त्या गृहस्थांनी आठ गुंठे तेवढे राखून बाकीचा मोगरा काढून टाकला. घरच्या दोन बायकांच्या जोडीस शेजारच्या चौघीजणींस किलोमागे ठरीव मजुरीने बांधून घेतले, आणि मुलीची सकाळ मोकळी केली. आता त्यांचा मोगरा सुरळीत चालला असून, पूर्वीच्या एकराहून हाती शिल्लक अधिक राहते, असे ते स्वतः सांगतात.

यावरून एक गोष्ट आमच्या बंधूंनी मनावर घ्यावी. मोगऱ्याचे कष्ट बहुतांशी घरच्या स्त्रियांच्या बोटांचे असतात. तेव्हा किती गुंठे लावावयाचा हा प्रश्न प्रथम त्यांस विचारावा, आणि आलेल्या पैशात त्यांचा वाटा रोख व निराळा ठेवावा. ज्या पिकात खुडणारीस काही मिळत नाही, त्या पिकाची निवड हळूहळू बिघडते. हिरवी कळी पाटीत येऊ लागते, बाजारात माल नाक मुरडून घेतला जातो, आणि दोष मात्र वाणास दिला जातो.

बाजार

कळी खुडताच सावलीत आणावी, आणि ओल्या फडक्याने वेढलेल्या करंडीत हलक्या हाताने भरावी. पाणी शिंपडून वजन वाढविण्याचा मोह धरू नये. कळी काळवंडते आणि अडत्या दुसऱ्या दिवशी नाव लक्षात ठेवितो. पट्टी आल्यावर अडत, हमाली, तोलाई व वाहतूक वजा जाता काय उरते ते रोजच्या रोज वहीत लिहावे. मोगऱ्याचा दर लग्नतिथी, पाडवा, अक्षय्यतृतीया या दिवशी चढतो आणि मध्येच एखाद्या दिवशी इतका पडतो, की तोडणीची मजुरीही सुटत नाही. म्हणून सर्वांत चढत्या दिवसाचा दर धरून हिशेब मांडू नये. सबंध हंगामाच्या पट्ट्यांची सरासरी काढावी. बाजार दोन-तीन तासांच्या वाटेपलीकडे असल्यास जवळच्या तालुक्याच्या गावी गजरेवाल्यांशी बांधिलकी करणे हे लहान लागवडीस अधिक सोयीचे पडते.

पीकपाहणीतील नोंद

शेवटी आमच्या जुन्या धंद्यातील एक सूचना. दोन-चार गुंठे फूलझाडे असली तर त्यांची नोंद गाव नमुना बारामध्ये करण्याची तसदी पुष्कळजण घेत नाहीत. मोगऱ्याचा बहर आणि अवकाळी पाऊस व गारपीट यांचे दिवस एकच असतात. नुकसान झाल्यावर पंचनाम्याची वेळ येते, तेव्हा दप्तरी जे पीक नाही त्याविषयी बोलताना कास्तकाराची बाजू लंगडी पडते. इ. स. २०२१ पासून ई-पीक पाहणीच्या योगे ही नोंद ज्याची त्यास मोबाईलवरून करता येते. तेव्हा हंगामाच्या मुदतीत, क्षेत्र आरमध्ये अचूक घालून, छायाचित्रासह ती अवश्य करावी. तीन गुंठ्यांचे पीक असले तरी ते पीकच होय.

समारोप

ज्यांस विक्री करावयाची नाही त्यांनीही दारी उन्हाच्या जागी एक मोगरा लावावा, कार्तिकात त्याचे पाणी तोडावे आणि न भिता कात्री चालवावी. चैत्रात परसदारी फुलांचा सडा पडेल. ज्यांस उत्पन्न पाहिजे त्यांनी पहिल्या वर्षी एकच गुंठा लावून घरच्या माणसांची सकाळ कशी जाते ते पाहावे, आणि मगच दुसऱ्या गुंठ्याचे खड्डे खणावेत. आमच्या बंधूंपैकी कोणी याप्रमाणे करून पाहिल्यास, त्यांनी आपल्या पट्ट्यांच्या सरासरीचे आकडे या मासिकाकडे अवश्य पाठवावेत. त्यायोगे इतर कास्तकारांस खऱ्या उत्पन्नाचा अंदाज बांधणे सुलभ होईल.